छतापर्यंत जाणारा जिना

मित्रांनो, मी एक जिना आहे. जुना आहे हे वेगळं सांगत नाही, कारण माझ्यासमोर तशी पितळी पाटीच लावली आहे. पाटीवर माझं वय आहे, माझ्या लाकडाचं कौतुक आहे आणि सगळ्यात खाली 'कृपया चढू नये' अशी विनंती आहे. आता तुम्हीच सांगा, जिन्याने दुसरं काय करायचं असतं? उद्या विहिरीवर 'कृपया पाणी काढू नये' अशी पाटी लावा आणि खुर्चीवर 'कृपया उभे राहावे' अशी. सगळं कसं छान टिकेल.

सध्या मी एका सहा मजली इमारतीच्या दारातच, काचेच्या दालनात उभा असतो. मी खालून निघतो, डौलात वळतो, वर जातो आणि छताला डोकं टेकून थांबतो. पुढे काही नाही. पांढरं छत आहे आणि त्यात एक गोल दिवा आहे. माझ्याइतका चकचकीत आणि माझ्याइतका बिनकामाचा जिना या शहरात दुसरा नसेल. हे असं कसं झालं, ते ऐका.

माझा जन्म दोन सुतार भावांच्या हातून झाला. त्यांचं आपसात बोलणं नव्हतं. तरी काम मात्र दोघांनी मिळून घेतलं होतं. थोरल्याने खालून सुरुवात केली, धाकट्याने वरून. अबोला असल्यामुळे मापं कुणी कुणाला विचारली नाहीत. मध्ये वळणावर दोघांची गाठ पडली, तेव्हा एक पायरी बोटभर उंच झाली होती.

"तुझी चूक," थोरला म्हणाला.

"तुझीच," धाकटा म्हणाला.

अशा रीतीने दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. पायरी तशीच राहिली. नवखा माणूस तिला हटकून ठेचकाळायचा आणि घरचा माणूस न बघता पाय उचलायचा. कोण परका आणि कोण आपला, हे मला त्या एका पायरीवरून कळायचं.

घराला वर एकच मजला होता. खाली दोन बिऱ्हाडं आणि वर, माझ्या शेवटच्या पायरीपाशी, एक मोठी खोली. त्या खोलीचं छत लाकडी होतं. त्यावर पानं, फुलं, वेली आणि कोपऱ्याकोपऱ्यात एकेक पक्षी कोरलेला होता. मी ते कधी पाहिलं नाही, कारण जिन्याला दारापर्यंतच जाता येतं. पण येणारा प्रत्येक जण दारातून मान वर करून "अरे वा!" म्हणायचा, ते मी रोज ऐकलं.

त्या खोलीत शिवणकाकू राहायच्या. त्या कोट शिवायच्या, तेही बहुतेक काळे. काळ्या कापडावर काळा दोरा चालवायचा तर दिव्याने भागत नाही, ऊन लागतं. खोलीला रस्त्याकडून तीन खिडक्या होत्या आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत ऊन एका खिडकीतून दुसरीत सरकत जायचं. काकू मशीन घेऊन त्याच्या मागोमाग सरकायच्या. "माझा भागीदार आहे तो," त्या म्हणायच्या. "फक्त पावसाळ्यात दांड्या मारतो."

माझी ती सुखाची वर्षं होती. नवरदेव चढले, वकील चढले, वाजंत्रीवाले चढले. येताना बेढब दिसणारी माणसं जाताना ताठ होऊन उतरायची. माझ्या पायऱ्या मध्ये खोलगट झाल्या, कठडा हात लागून लागून गुळगुळीत झाला. मला कुणी जपत नव्हतं आणि त्यामुळे मी अगदी ठणठणीत होतो.

मग आमच्या गल्लीतली घरं दातांसारखी पडायला लागली. एक दात पडला की त्या जागी सहा मजली दाढ उगवायची. दोन घरांच्या मध्ये जेमतेम फट असली, तरी तिच्यात इमारत बसवायचे. एक दिवस घराचे तरुण मालक आले. ते जन्मात दुसऱ्यांदा घर बघत होते. माझ्या वळणावर ठेचकाळले आणि वर जाऊन म्हणाले, "काकू, घर फार जुनं झालंय. इथे मोठी इमारत करू. तुम्हाला चौथ्या मजल्यावर नवीकोरी खोली देतो. लिफ्टसकट."

"उजेड आहे का?" काकूंनी विचारलं.

"बटण दाबलं की आहे!"

काकूंना ती खोली सोडायची नव्हती. दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं. खालच्या बिऱ्हाडातले निवृत्त ड्रॉइंग मास्तर त्यांच्या मदतीला धावले. शहरात जुन्या वास्तू जपणारी एक समिती होती. तिने घर मोलाचं ठरवलं की ते पाडता येत नसे. मास्तरांनी अर्ज केला, गल्लीने सह्या केल्या आणि समितीच्या बाई घर बघायला येणार असं ठरलं.

मित्रांनो, इथे माझ्या आयुष्याचा घात झाला आणि तो स्वच्छतेने केला.

पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं? घर आवरतात. घर आवरतात म्हणजे पसारा एका खोलीत कोंबतात आणि दाराला कुलूप लावतात. गल्लीनेही तेच केलं. खालच्या बिऱ्हाडांतल्या गाद्या, ट्रंका, मोडका पाळणा, मास्तरांची न विकली गेलेली चित्रं, तीन पायांचं टेबल आणि त्याचा वेगळा ठेवलेला चौथा पाय, सगळं सामान माझ्यावरून वर गेलं. वरची खोली सगळ्यात मोठी होती ना.

"अहो मास्तर, हीच तर खोली दाखवायची आहे ना?" काकू ओरडल्या.

"कशी दाखवणार? किती पसारा आहे तिच्यात!"

"तो तुमचाच आहे!"

"म्हणून तर लाज वाटते," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दार खांद्याने ढकलून लावून घेतलं.

मग उरलेला सगळा उत्साह माझ्यावर उतरला. मला तेल चोळलं. प्रत्येक पायरीवर कुंडी ठेवली. कठडा असा घासला की हात ठेवला तर घसरून थेट रस्त्यावर. मी आयुष्यात इतका देखणा कधी दिसलो नव्हतो आणि पुन्हा दिसू नये अशी माझी इच्छा आहे.

समितीच्या बाई आल्या. कुंड्या चुकवत चढल्या, वळणावर ठेचकाळल्या आणि म्हणाल्या, "काय सुंदर जिना आहे हो!"

"आहेच!" सगळी गल्ली एका सुरात म्हणाली.

"आणि वर काय आहे?"

आता मित्रांनो, कुणी आपल्या घराबद्दल विचारलं की भला माणूस काय म्हणतो? मास्तर भले होते. ते म्हणाले, "छे हो, विशेष काही नाही. आपलं नेहमीचंच."

"नाही, नाही, आहे!" काकू पुढे झाल्या. "छत बघा बाई, तुम्ही आधी छत बघा." त्यांनी कनवटीची किल्ली काढली.

"काकू, उघडू नका," मास्तर कानाशी लागले. "गाद्या अंगावर येतील. आणि सगळ्यात वर माझे फाटके बनियन आहेत."

काकूंनी किल्लीकडे पाहिलं, बाईंच्या इस्त्रीच्या कपड्यांकडे पाहिलं. परक्या माणसासमोर फाटकं दिसू नये यासाठीच तर त्यांनी जन्मभर शिवण केली होती. किल्ली मुठीतच राहिली. "दार जरा अडकलंय," त्या म्हणाल्या.

मी तेव्हापासून एकच विचार करतो. दार उघडलं असतं, तर गाद्या बाईंच्या अंगावर पडल्या असत्या. बाई उताण्या पडल्या असत्या. आणि उताण्या पडलेल्या माणसाला छत दिसतंच.

महिन्याभराने निर्णय आला. जिना अत्यंत मोलाचा, तो जपावा. बाकी बांधकामात नोंद घेण्याजोगं काही आढळलं नाही. गल्लीत जल्लोष झाला. "वाचला! वाचला!" म्हणत मास्तर धावत वर आले.

"कोण वाचलं?" काकूंनी विचारलं.

 मास्तर आपले बनियन घेऊन खाली गेले.

माझ्या पायऱ्यांवर खडूने आकडे टाकले, मला सुटं केलं आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून अंगणाच्या कडेला ठेवलं. त्यामुळे घर पडताना मला दिसलं नाही, ऐकू आलं. पाडणारे कामगार वरच्या खोलीत गेले आणि एकदम हातोडे थांबले. "अबब! वर बघ, वर बघ! केवढं काम केलंय!" त्यांनी मोबाईलवर फोटो काढले, पक्ष्यांसोबत स्वतःचेही काढले. मग मुकादमाने हाक मारली आणि हातोडे पुन्हा सुरू झाले. वेली, फुलं, पक्षी सगळं लाकूडफाटा म्हणून ट्रकमधून गेलं.

मला मात्र तज्ज्ञांनी जपलं. त्यांनी माझी उंच पायरी शोधून काढली आणि रंधा मारून बाकीच्यांसारखी केली. "आता दोष राहिला नाही," ते म्हणाले. मग मला जुन्या जागी, अगदी इंचाइंचाने मोजून, उभं केलं. वरचा मजला आता व्यायामशाळेचा होता आणि तिचं दार लिफ्टच्या बाजूला होतं. माझ्यासाठी छताला भोक ठेवायला कुणी तयार झालं नाही.

काकूंना चौथ्या मजल्यावरची खोली मिळाली. तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडते. हात बाहेर काढला तर भिंतीचा रंग बोटाला लागतो. भर दुपारी दिवा. गिऱ्हाइकांना खाली वॉचमनकडे नाव, फोन, फोटो द्यावा लागायचा आणि मग मोबाईलवर परवानगीचे आकडे येईपर्यंत थांबावं लागायचं. तोवर बटण लावायला आलेला माणूस बटणाचं विसरून जायचा. काकूंचे आधी काळे कोट बंद झाले, मग करडे. शेवटी त्या नुसते पांढरे पडदे शिवत होत्या. खिडकीला भिंत असलेल्या लोकांनाही पडदे लागतात म्हणून बरं.

मागच्या आठवड्यात त्यांनी गावाबाहेर भावाकडे जायचं ठरवलं. लिफ्टमध्ये सामान न्यायला मनाई आहे. म्हणून मशीनला शाल पांघरली, चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि भाच्याने ते खाली आणलं. "सावकाश हं आजी," वॉचमन अदबीने म्हणाला.

भाचा गाडी आणायला गेला. काकू माझ्यासमोर आल्या. त्यांनी माझ्यापुढे आडवी बांधलेली दोरी उचलली आणि चढायला लागल्या.

"ओ काकू! चढायचं नाही. पाटी आहे."

"वाचली रे."

"अहो, पण वर काही नाही!"

"माहीत आहे."

छत लागलं तशी त्यांनी मान वाकवली आणि बोटाच्या पेरांनी छतावर टकटक केली. वर कुणीतरी यंत्रावर धावत होतं. हे गृहस्थ रोज तासभर धावतात आणि तिथेच राहतात. पावलं क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली. कुणाच्या दारात वाट बघावी तशा काकू थोडा वेळ थांबल्या आणि हळूहळू उतरल्या.

"कुणी नाही ना?" वॉचमनने हलक्या आवाजात विचारलं.

"आहे एक जण," काकू म्हणाल्या. "कामात आहे."

गाडी आली. त्या गेल्या.

मित्रांनो, मला पुसायला रोज माणूस येतो. लोक मला बघून "जपलंय हो छान" म्हणतात आणि मला बोलता येत नाही याचा मला फार राग येतो. तुमच्या गल्लीत कुणी घर बघायला आलं, तर दारं उघडा. पसारा दिसू दे, बनियन दिसू देत. आणि घरातलं काय वाचवायचं हे ठरवण्याआधी, तिथे कोण राहतं आणि त्याला कशासाठी राहायचंय, तेवढं विचारा. आम्ही जिने काय, माणसं चढत राहिली की आपोआप टिकतो.

आणि कधी या बाजूला आलात, वॉचमन दुसरीकडे बघत असला, तर दोन पायऱ्या चढून जा. वर काही नाही. पण मला बरं वाटेल.