जाताना लागणारा वेळ

शनिवारी सोरखाने कोपनहेगनहून फोन केला तेव्हा बाबा डब्लिनच्या घरी बटाटे सोलत बसले होते. बाबा, म्हणजे मॅलकी, निवृत्त बसचालक. अंतराचा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण.

"तुझ्या मागच्या तिकिटावरच छापलंय. साडेअकराला विमान सुटतं, पाऊण वाजता इथं उतरतं. सव्वा तास! माझ्या बसला गॉलवे गाठायला याच्या दुप्पट लागायचे."

"बाबा, आमची घड्याळं तासभर पुढं आहेत. बाराशे किलोमीटर, सव्वादोन तास. येताना तेवढेच, जाताना तेवढेच."

"मग जाताना सव्वातीन कसे होतात?"

"अहो, तेच तर सांगतेय..."

"त्या विमानालासुद्धा तुला न्यायचं नसतं, पोरी." ते खोकेपर्यंत हसले. तिने तिकडे नोकरी धरल्यापासून ते हा विनोद करत होते, आणि ती न चुकता त्यांना दुरुस्त करत होती.

"ईस्टरला येतेस ना?"

"बघते."

"बघ बाई, बघ. तुझं बघणंच चाललंय."

रविवारी सकाळी धाकट्या भावाचा, फिंटनचा फोन आला. "ताई, बाबा कोसळले. हॉस्पिटलात आणलंय. निघ तू." तिला तेच साडेअकराचं विमान मिळालं. बसल्या बसल्या तिने सवयीने मनगटावरचं घड्याळ तासभर मागे घेतलं.

विमानतळावर फिंटन टोपी काढून हातात धरून उभा होता. त्या टोपीवरूनच तिला कळलं.

घरी स्वयंपाकघरातलं घड्याळ बारा वाजून पाच मिनिटांवर थांबलेलं होतं. बाबा गेले ती ही वेळ. शेजारच्या ब्रीड मावशीने रिवाजाप्रमाणे ते थांबवलं होतं; शवपेटी घराबाहेर पडेपर्यंत ते कुणी चालू करणार नव्हतं. सोरखा त्या काट्यांकडे बघत राहिली. त्या वेळी तिच्या मनगटावरही बारा-पाचच झाले असणार. उतरायला चाळीस मिनिटं होती. चहात लिंबू नाही म्हणून ती हवाईसेविकेवर कुरकुरत होती.

सोमवारी बाबांना घरी आणलं. पुढच्या खोलीत उघडी पेटी, भोवती खुर्च्या, कडेच्या टेबलावर हॅम घातलेल्या सँडविचचा ढीग.

"मॅलकीचा टाय आज पहिल्यांदा सरळ बसलाय," एक म्हातारा म्हणाला.

"मी बांधलाय," फिंटन म्हणाला. "ते असते तर सोडूनच टाकला असता."

लोक हसले. हात हातात घेऊन जो तो सोरखाला एकच प्रश्न विचारत होता: तिकडून यायला किती वेळ लागतो? ती सगळ्यांना सांगत होती, सव्वादोन तास. सांगताना तिचा आवाज कापत नव्हता, याचंच तिला भय वाटायला लागलं.

"परत कधी?" ब्रीड मावशीने विचारलं.

"गुरुवारी."

"मी चहा टाकते. तू त्याच्याजवळ बस. एकटं सोडायचं नाही त्याला."

ती बसली. बाबांच्या बोटांत जपमाळ गुंडाळली होती. तिने त्यावर हात ठेवला. एवढा गारठा तिला अपेक्षित नव्हता. दाराशी माणसं उभी होती. तिने आवाज खाली आणला नाही.

"तुमचंच बरोबर होतं, बाबा. जाताना जास्तच वेळ लागतो. दरवेळी लागायचा."