भुताच्या दाताला मोड

"निघाला! निघाला!" गागोद्याच्या वरच्या वाडीत, हौसाच्या अंगणात गर्दी ओरडली. पुंडलिक भगताने तिच्या तापाने फणफणलेल्या लेकीच्या, शकूच्या पोटाला पितळी नळी लावली, गाल फुगवून चोखलं आणि तळहातावर थुंकला. काळा, चकचकीत दाणा!

"माकडाच्या भुताचा दात हाय ह्यो! अख्ख्या खाडीतली भुतं माझं पाणी भरतात, ह्याची काय मिजास! ओल्या फडक्यात ठेवा, सुकला तर पुन्हा चावंल." मग त्याने घराभोवती राखेचं रिंगण ओढलं. "आमावस्येपर्यंत कुणी वलांडलं तर पोर गेलीच!"

झालं! हौसा लेकीसकट कोंडली गेली. रानात मेलेलं माकड शकूने मारुतीराया म्हणून उचलून पुरलं होतं, त्याचंच म्हणे हे भूत.

शकूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. "अवो, पेणला नेऊया," हौसा नवऱ्याला म्हणाली. "पोर जाईल हो!"

"गप गो! वलांडलंस तर आताच जाईल," महिपती रडवेला झाला. खाली रस्त्यावर पेणला जाणाऱ्या जीपचा हॉर्न वाजे आणि हौसाचा जीव तुटे.

दोन दिवसांनी लेकीचं अंग पुसताना कानामागे तिला तसलाच काळा दाणा लागला. अगो बाई, अजून एक दात! बघते तर दाण्याला पाय. गोचीड होती ती! मग भगताचा दात कसला? तिने फडकं सोडलं. दाताची साल फाटून पांढरा मोड आला होता.

"अवो, भुताच्या दाताला मोड येतो व्हय?"

महिपतीने दाणा चिमटीत धरला. जन्मभर कडधान्य पेरणारा माणूस तो. "आयला, उडीद हाय ह्यो!"

महिपतीने शकूला खांद्यावर घेतलं, तरी रिंगणाशी हौसा थबकली. डोळे मिटून तिने राख तुडवली आणि मागे वळून पाहिलं. महिपतीच्या खांद्यावर शकू श्वास घेत होती.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी गोचीड चिमट्याने काढली. "हा माकडताप. गोचीड चावली की विषाणू अंगात शिरतो. मेलेल्या माकडाला हात लावू नका, आम्हाला कळवा. रानात अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा आणि अंग तपासा. आणखी उशीर केला असतात तर पोर हाती लागली नसती."

शकू वाचली. हौसा आणि महिपती परतले, तर भगत शेजारच्या गोविंदाच्या घराभोवती राखेचं रिंगण ओढून अंगणात गाल फुगवून बसलेला, आणि पुढ्यात गोविंदाची म्हातारी तापाने कण्हतेय.

"भगता, नळी लावायच्या आधी आ कर!"

भगताने ओठ घट्ट मिटले. महिपतीने त्याचा गाल दाबला, तसे तोंडातून उडीद टपटपले.

"भगताचेच दात पडले गो!" कुणीतरी ओरडलं आणि अंगण हसलं. हौसाला हसू आलं नाही. "गोविंदा, म्हातारीला उचल," ती म्हणाली आणि रिंगणाची राख पायाने विस्कटली.

बाबांनो, काळा दाणा दिसला तर हात जोडण्याआधी नीट बघा, त्याला मोड येतो की पाय आहेत. आणि ताप चढला तर राख तुडवत जा, पण दवाखाना गाठा.