बांड्याची माती

"अप्पा, दुकान बंद करा. तुमच्या दारात देव गेलाय."

आश्रुबा हे बोलला तेव्हा गुरुपादच्या हातात साखरेचा पुडा होता आणि दोरा दातात धरलेला होता. घडीभरापूर्वी बाहेर डीपीच्या तारेवर फाडकन आवाज झाला होता, दुकानातला पंखा गरगरत थांबला होता आणि पायरीसमोर काहीतरी जड पडलं होतं. गुरुपादला वाटलं, लिंबाची फांदी पडली असेल. बाहेर येऊन बघतो तर बांड्या. तुटक्या शेपटीचं ते म्हातारं वानर हात पसरून पालथं पडलं होतं, आणि गावचा जाणता माणूस आश्रुबा डोक्यावरची टोपी काढून त्याच्यासमोर उभा होता.

परगावाहून आलेल्या माणसाला काहीही झालं की आधी स्वतःचीच चूक आठवते. सकाळीच शेंगदाण्याच्या पोत्यावरून गुरुपादने या बांड्यावर काठी उगारली होती.

"मी काही केलं नाही हो आश्रुबा. तारेला चिकटलं ते."

"तुमी केलं आसं कोन म्हनतंय? पन रीत हाय गावाची. ज्याच्या दारात मारुती जीव सोडतोय, त्याचं घर मयताचं. घरधनी तुमी, माती तुमच्या हातची. आज चूल पेटवू नका."

"म्हणजे वानराचं सुतक मला?"

"तर! देवानं घर बघूनच जीव सोडलाय. उगं न्हाई."

रीती शिकवण्यात हे गाव कुणाला हार जाणारं नव्हतं. धारूरच्या घाटाला टेकलेली पन्नास-साठ घरं, पण नियम शहराला पुरून उरतील एवढे. गुरुपादची हयात सोलापुरात चादरीच्या दुकानात घड्या घालण्यात गेली. मल्लम्माचा चुलतभाऊ हे किराणा दुकान सोडून पुण्याला गेला, म्हणून दोघं नवराबायको इथे आली. सामान उतरतंय तोवर शेजारच्या वत्सलाबाई पायरीवर बैठक मारून बसल्या आणि त्यांनी पोथी सांगावी तशी सुरुवात केली. पायताण झाडल्याबिगर घालायचं न्हाई, इच्चू असतोय. दिवे लागल्यावर सापाचं नाव घ्यायचं न्हाई, 'लांबडं' म्हनायचं. टिटवी घरावरून वरडत गेली तर चुलीत मिठाचा खडा टाकायचा. घाटात तरस हसल्यागत वाटलं तर मागं वळून बघायचं न्हाई. आन् वानराकडं बघून दात दावून हसायचं न्हाई, त्येला वाटतंय हे आपल्याला चावायला आलं.

गुरुपादने त्या दिवसापासून हसणंच कमी केलं. अंधार पडल्यावर परसात जायचं तर हातात बॅटरी आणि घुंगरू बांधलेली काठी. छम् छम् आवाज आला की पोरं म्हणायची, "अप्पा निघाले नाचायला." गावाने त्याची मनसोक्त टिंगल केली आणि त्याच टिंगलीत त्याला आपलं म्हणून टाकलं.

मल्लम्मा मात्र कशालाच भ्यायली नाही. एकदा तिच्या चपलेतून काळाभोर इंगळी विंचू निघाला. तिने चप्पल उलटी करून तो आपटून टाकला, चप्पल पायात घातली आणि पाण्याला गेली. "वाघीन हाय गं बया!" वत्सलाबाई कौतुकाने म्हणाल्या. गुरुपादला ठाऊक होतं की हे धाडस नव्हे. जिचं जायचं ते जाऊन बसलंय, तिला विंचवाची काय मातब्बरी?

त्यांचा एकुलता एक मुलगा सोमेश्वर करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला होता. स्वतःच्या पायांनी चालत गाडीत बसला. "अव्वा, चार दिवसांत येतो," असं आईला म्हणाला. तो आला नाही, प्लास्टिकची पिशवी आली. तिच्यात त्याचा मोबाइल होता, चपला होत्या आणि गळ्यातलं इष्टलिंग होतं. नियमाप्रमाणे अंत्यविधी झाला, असं कुणीतरी फोनवर सांगितलं. म्हणजे जाळला. त्यांच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसवतात, त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच मातीत ठेवतात. यातलं काही म्हणजे काही झालं नाही. घराला पत्रे ठोकलेले होते, दारात कुणी आलं नाही, खांदा कुणी दिला नाही. आणि मल्लम्मा रडली नाही. पोराला बघितलंच नाही तर रडू कशावरून, असं ती एकदाच म्हणाली आणि त्यानंतर तिने त्याचं नाव घेणंच टाकलं.

ती रडत नव्हती याचाच गुरुपादने धसका घेतला होता. आतल्या आत सुकत चाललेलं माणूस त्याला रोज समोर दिसत होतं. गावात कुणी विचारलं, "लेकरंबाळं किती?" तर ती म्हणायची, "नाहीत." त्या एका शब्दाने दर वेळी गुरुपादच्या काळजाचं पाणी व्हायचं. पण तिला टोकायची हिंमत होत नव्हती. पोराचं लिंग तिने तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलं होतं, तेही त्याला माहीत होतं. मेलेल्याचं लिंग घरात ठेवत नाहीत. पण ठेवायचं तर ते कुणाच्या हातात?

तिचा आवाज चढायचा तो फक्त बांड्यावर. दुपारी तो पत्र्यावर धप्पकन उतरला की ती अंगणात जाऊन कानडीत ओरडायची, "होगो, कळ्ळा!" जा रे, चोरा! सोमेश्वर लहानपणी गुळाच्या डब्यात हात घालायचा तेव्हा हेच शब्द, हाच सूर असायचा. शिव्या देऊन झाल्या की पत्र्याच्या कडेला एक भाकरी हळूच ठेवलेली असायची. गुरुपाद गल्ल्यावर बसून ऐकायचा आणि ऐकलं नाही असं दाखवायचा.

आज ती बाहेर आली, बांड्याकडे बघितलं. नेहमीप्रमाणे ओरडली नाही. "कळ्ळा," एवढंच पुटपुटली आणि खांबाला धरून उभी राहिली.

तोवर गाव गोळा झालं. भजनी मंडळ टाळ घेऊन आलं, कुणी हार आणले, कुणी नवं धोतर. ग्रामपंचायतीतली प्लास्टिकची खुर्ची आली आणि तिला दोन बाजूंनी वेळू बांधले. आंघोळ घालून, धोतर नेसवून बांड्याला त्या खुर्चीत बसवू लागले तेव्हा गुरुपाद पुढे झाला.

"बसवून नेता?"

"मग काय आडवं? मारुती आडवा आसतोय का कुठं?" आश्रुबा म्हणाला. "बसवूनच न्यायचं आन् बसवूनच पुरायचं. म्हाताऱ्या लोकांपून चालत आलंय."

गुरुपादने चटकन बायकोकडे बघितलं. मल्लम्मा खांब सोडून सरळ उभी राहिली होती. खुर्चीत बांड्या बसला होता. मांडीवर हात, गळ्यात झेंडूचा हार, मान एका बाजूला जरा कललेली. ती आत गेली आणि विभूतीचा गड्डा घेऊन आली. कुणाला न विचारता तिने तीन बोटं ओली केली आणि त्या काळ्या कपाळावर पांढरे पट्टे ओढले.

टाळ थांबले. आश्रुबा अवघडून म्हणाला, "वैनी, मारुतीला शेंदूर आसतोय."

"आसू दे की," वत्सलाबाई मागून म्हणाल्या. "मयत तिच्या घरचं हाय. तिच्या रीतीनं होऊ दे."

खुर्ची उचलली. पुढचा वेळू गुरुपादच्या खांद्यावर आला. वानराचं ओझं ते काय, चौघांत वाटून गेलेलं, तरी त्याचा खांदा भरून आला. भजन म्हणत सगळी मारुतीच्या देवळाकडे निघाली. घराघरांतून बाया उंबऱ्यावर येऊन तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतत होत्या. अख्खं गाव एका वानरासाठी अनवाणी चालतंय, आणि माझ्या सोन्यासारख्या पोरासाठी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, असं गुरुपादच्या मनात आलं. त्याला गावाचा राग आला आणि त्याच क्षणी गावाच्या पाया पडावंसंही वाटलं.

गावातल्या बाया मातीला जात नसत. पण मल्लम्मा निघाली. कुणी अडवायच्या आत वत्सलाबाईंनी तिचा हात धरला आणि दोघी मागून चालू लागल्या.

देवळामागे खड्डा तयार होता. बांड्याला आत उतरवलं, भिंतीला टेकवून बसवलं. "घरधनी, मूठमाती द्या," आश्रुबाने हाक दिली. गुरुपाद वाकणार, तेवढ्यात मल्लम्मा खड्ड्याच्या काठावर आली. तिने कनवटीचा रुमाल सोडला. त्यात लिंग ठेवायची चांदीची करंडी होती. तांदळाचं पीठ अजून तिला चिकटलेलं होतं.

गुरुपादने ती लांबूनच ओळखली. पोराचं लिंग जनावराच्या हातात? अंत्यविधी करणारा त्यांचा जंगम इथे असता तर काय म्हणाला असता? जातीत कळलं तर लोक तोंडात शेण घालतील. नको म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बायकोचा चेहरा बघितला. त्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पहिल्यांदा भीती होती. हा आता नाही म्हणेल, याची भीती.

गुरुपादने टोपी काठावर ठेवली आणि तो स्वतः खड्ड्यात उतरला. हात वर केला. "दे," म्हणाला.

बांड्याची बोटं ताठली होती. त्याने ती एकेक करून उलगडली. माणसाच्या हातासारखाच हात, तळव्यावर रेषासुद्धा तशाच. डाव्या तळहातावर त्याने करंडी ठेवली, बोटं पुन्हा मिटवली आणि त्यांच्यावर आपला हात थोडा वेळ दाबून धरला. वर भजन चालू होतं. लोकांना वाटलं, अप्पांनी देवाच्या हातात काही नाणंबिणं ठेवलं असेल. वत्सलाबाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी मल्लम्माच्या खांद्यावर हात ठेवला तो काढला नाही.

मग गुरुपाद वर आला. त्याने आणि मल्लम्माने मिळून माती लोटली.

दिवस कलताना दोघं घरी आली. गाव आपापल्या कामाला लागलं होतं, तारही जोडून झाली होती, दुकानातला पंखा रिकाम्या गल्ल्यावर फिरत होता. चूल थंड होती. मल्लम्मा भिंतीला टेकून बसली. गुरुपादला वाटलं होतं, आज तरी ती रडेल. तिचे डोळे कोरडेच होते. एवढं करून काही उपयोग झाला नाही, या विचाराने तो खचून गेला आणि उगाच तांब्या विसळत बसला.

तेवढ्यात वत्सलाबाई आल्या. पदराखाली फडक्यात झाकलेलं ताट होतं, पिठलं आणि ज्वारीच्या भाकरी.

"कडू घास आणलाय," त्या म्हणाल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. सोलापुरात पत्रे ठोकलेल्या त्या दाराशी असा घास कुणी आणला नव्हता. त्या दिवशी दोघांनी पाणी पिऊन दिवस काढला होता.

"वानरासाठी कशाला एवढं, वत्सलाबाई," गुरुपाद म्हणाला.

"वानरासाठी कोन आणलंय, अप्पा?"

त्या मल्लम्मासमोर बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तिच्या तोंडासमोर धरला. मल्लम्माने तोंड उघडलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"माझं बी एक गेलंय," वत्सलाबाई म्हणाल्या. "घाटातल्या तळ्यात. आमाला कळतंय, बया. नाव काय व्हतं लेकराचं?"

गुरुपादच्या हातातला तांब्या तिथेच थांबला. नाव आता आलं नाही तर पुन्हा कधीच यायचं नाही, हे त्याला कळून चुकलं. बाहेर पत्र्यावर वानरांची टोळी उतरल्याचा आवाज झाला. त्यांच्यात बांड्याची धप्पकन उडी नव्हती.

"सोमेश्वर," मल्लम्मा म्हणाली.

मग पुन्हा, अगदी हळू, "सोमू."

आणि तिने हंबरडा फोडला. एवढी वर्षं गुरुपाद या रडण्याची वाट बघत होता, पण ते एवढं मोठं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती जमिनीवर हात आपटत होती, कानडीत पोराला शिव्या देत होती, चोर म्हणत होती, ये म्हणत होती. गुरुपाद तिच्याजवळ गेला आणि तोही रडायला लागला. शेजारपाजारचे दारात आले, आणि आत न येता तिथेच बसून राहिले.

वत्सलाबाईंनी समजूत घातली नाही. हातातला घास त्यांनी तसाच समोर धरून ठेवला होता. बाहेर दिवे लागले, हात भरून आला, थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. पण मल्लम्माने तोंड उघडेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.