पस्तीसचे ब्याण्णव

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा पालक भिंतीला टेकून उभे राहिले, आणि भिंती संपल्या तेव्हा खिडक्यांतून डोकावू लागले. समोर पडद्यावर ग्रह गरगर फिरत होते, विजेचे ठिपके तारांमधून मुंग्यांसारखे पळत होते, त्रिकोण आपोआप उघडून आपले कोन मोजून दाखवत होते. पडद्याशेजारी टायवाला गृहस्थ उभा होता. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी, पण शिक्षकांच्या खोलीत तो आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'जादूगार' पडलं होतं.

"ताई, दादा, याला सॉफ्टवेअर म्हणू नका!" जादूगाराचा आवाज चढला. "हे तुमच्या लेकराचं मन वाचतं! गणिताची भीती? पंधरा दिवसांत पळाली! आम्ही शिकवत नाही, आम्ही मेंदू उघडतो!"

उघडलेला मेंदू परत मिटतो का, हे कुणी विचारलं नाही.

मग पडद्यावर सातवीच्या एका तुकडीतल्या मुलांचे आलेख आले. पंधरा दिवस त्यांना हे सॉफ्टवेअर फुकट वापरायला दिलं होतं. पहिल्या दिवशी सरासरी पस्तीस गुण, आज ब्याण्णव. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या एका सुताराने रुमाल डोळ्यांना लावला. त्याची मुलगी गणिताच्या तासाला पोट दुखतंय म्हणून बाहेर जाऊन बसायची, आणि आज तिला चौऱ्याण्णव!

शेवटच्या रांगेमागे शास्त्राच्या बाई उभ्या होत्या; सातवीचं गणितही त्याच शिकवत. त्यांची स्वतःची लेक त्याच वर्गात होती आणि तिला शहाण्णव गुण होते. आनंद व्हायला हवा होता. पण बाई सारख्या या पायावरून त्या पायावर होत होत्या.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ आल्या. "आठ दिवसांत अहवाल द्या. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर वाचायचा आहे. चांगलाच असेल म्हणा! तीन वर्षांचा करार करू. प्रयोगशाळा दुरुस्त करायची होती ना, तो निधी इकडे वळवू. खोलीही मोकळी होईल."

"प्रयोगशाळा बंद?"

"अहो, सगळे प्रयोग पडद्यावर होतात की! काच फुटायची भीती नाही."

घरी येऊन बाईंनी बसल्या बसल्या लेकीला विचारलं, "लोलकाचा गोळा जड केला, तर एका झोक्याला जास्त वेळ लागेल का गं?"

"पर्याय दे ना."

"पर्याय नाहीत. तुला काय वाटतं?"

"पर्यायांशिवाय कसं सांगणार, आई?" लेक खरोखरच गोंधळली.

बाईंनी एका दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधला, तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या दोऱ्याला खोडरबर. दोन्ही टेबलाच्या कडेवरून सोडले आणि लेकीला दहा झोके मोजायला लावलं. वेळ जवळजवळ सारखाच आला. लेक हरखली, पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली.

"पण हा चुकतोय, आई. बघ, हळूहळू थांबतोय. सॉफ्टवेअरमधला थांबत नाही. तोच बरोबर असणार."

हवा विरोध करते म्हणून खरा लोलक थांबतो, हे बाईंनी समजावलं. तरी पोरीने हातातल्या खऱ्या वस्तूला खोटं ठरवलं होतं, ते काही मनातून जाईना.

पुढचे दोन दिवस त्या नुसत्या येरझाऱ्या घालत राहिल्या. धुतलेलं चंचुपात्र पुन्हा धुतलं, मग तिसऱ्यांदा धुतलं. आपल्याला हेवा वाटतोय का? नव्या गोष्टीची धास्ती घेतोय का आपण? ग्रहांचं ते चित्र सुंदर होतं, यात वादच नव्हता. वीस वर्षं फळ्यावर खडूने जे जमलं नाही, ते तिथे चुटकीसरशी दिसत होतं. मग पाल कुठे चुकचुकत होती?

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या संगणकाच्या खोलीत गेल्या आणि विद्यार्थी बनून आत शिरल्या. पहिल्या दिवसाची चाचणी उघडली. वीस प्रश्न, प्रत्येकाला दहा सेकंद. वाचून होईपर्यंत वेळ संपे. शास्त्राच्या बाईंना स्वतःला पंचेचाळीस गुण पडले!

मग पंधराव्या दिवसाची चाचणी. प्रश्न तेच वीस, वेळेचं बंधन नाही. बाईंनी मुद्दाम चुकीचा पर्याय दाबला. तो पर्याय हलकेच पडद्यावरून नाहीसा झाला. दुसरा चुकीचा दाबला, तोही गेला. तिसरा गेला. दर चुकीला कापला गेला फक्त पाव गुण. उरला एकच. तो दाबताच फुलं उधळली गेली आणि 'शाब्बास!' असा आवाज आला.

बाई खुर्चीतून उठल्या, खोलीत एक फेरी मारली, परत बसल्या.

शुक्रवारी त्यांनी सातवीच्या दोन्ही तुकड्यांना एकच कागदी चाचणी दिली. दहा गणितं, पर्याय नाहीत, पायऱ्या लिहायच्या. सॉफ्टवेअर वापरलेल्या तुकडीची सरासरी चार आली. न वापरलेल्या तुकडीचीही चारच.

शनिवारी पुन्हा सभागृह भरलं. बाईंनी आकडे वाचताच सुतार ताडकन उठला. "माझ्या मुलीचं यश बघवत नाही का तुम्हाला? पहिल्यांदा हसत घरी आली ती!"

बाईंनी आकड्यांचा कागद खाली ठेवला. "दादा, तिचं हसू मलाही हवंय. फक्त दहा मिनिटं द्या." त्यांनी दाराकडे पाहिलं. "शिपाईमामा, जरा इकडे येता?"

मामा घंटेजवळून आले. शाळेत घंटा वाजवायला लागून त्यांना तीस वर्षं झाली होती, पण संगणकाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. बाईंनी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, हातात माऊस दिला आणि पंधराव्या दिवसाची चाचणी सुरू केली.

"मामा, मी हात धरून बाण पर्यायांवर नेते. तुम्ही फक्त बटण दाबायचं. प्रश्न वाचायचा नाही."

"वाचू कसा? डोळे तुम्हीच बांधलेत की!"

सभागृह हसलं. मामा दाबत गेले, पर्याय गळत गेले, फुलं उधळत राहिली. वीस प्रश्न संपले आणि पडद्यावर मोठ्ठी अक्षरं आली: 'गुण: ब्याण्णव. थक्क करणारी प्रगती!' खाली मन वाचून काढलेला निष्कर्ष होता: 'तू घाईत वाचतोस, भागाकाराला थोडा बिचकतोस, पण चित्रांतून पटकन शिकतोस.'

"मामा, वाचलंत का घाईत?"

"बाई, मी वाचलंच नाही!"

आता हसू थांबलं. सॉफ्टवेअर वापरलेल्या तुकडीतली एक मुलगी हळूच उठली. "बाई, माझ्या अहवालात पण हेच वाक्य आहे." मग दुसरी उठली, मग चार-पाच हात एकदम वर झाले.

जादूगाराने टाय सैल केला. "हे बघा, याला प्रोत्साहन म्हणतात. मुलांना नाउमेद करायचं नसतं."

"प्रोत्साहन द्या की!" बाई म्हणाल्या. "पण पहिल्या दिवशी दहा सेकंदांत गळा आवळायचा आणि शेवटच्या दिवशी उत्तर तोंडात भरवायचं, याला प्रगती कोण म्हणतं? दादा, तुम्ही लाकूड घेता तेव्हा विकणाऱ्याच्या पट्टीने मोजता?"

सुतार म्हणाला, "माझ्या टेपने मोजतो. दोनदा."

"इथेही तेच करायचं. ग्रह, वीज, लोलक यांची ही चित्रं उपयोगी आहेत, मी स्वतः वर्गात वापरीन. पण विकत घ्यायचं तर आधी तीन महिने एका तुकडीला द्या, दुसरीला देऊ नका. परीक्षा मात्र आपली, कागदावरची. फरक पडला तर आनंदाने घेऊ. आणि प्रयोगशाळा त्यापायी बंद करायची नाही, कारण खरी वस्तू कशी वागते ते पडदा आपल्या सोयीने दाखवतो."

मोठ्या बाईंनी कराराचा कागद घडी करून पिशवीत टाकला. "आधी तीन महिने," त्या जादूगाराकडे न बघता म्हणाल्या. "आमच्या अटींवर."

त्याला या अटी मान्य नव्हत्या. तारा गुंडाळताना तो पुटपुटत होता की इतर शाळा असले प्रश्न विचारत नाहीत.

गर्दी पांगली तरी सुतार तिथेच उभा राहिला. शेजारी मुलगी मान खाली घालून. "मग बाई," त्याने विचारलं, "माझी पोर ढच आहे, असंच ना?"

बाईंनी तिची उत्तरपत्रिका काढली. "सहा गणितं चुकलीत. हे बघा, सहाही ठिकाणी एकच चूक. कंसाआधी वजा असला की आतली चिन्हं बदलायला ती विसरते. बाकी सगळी पायरीन् पायरी बरोबर आहे. हिचं मन कुणी वाचायला नको, हिची वही कुणीतरी वाचायला हवी होती. ती मीही वाचली नव्हती, ही माझी चूक."

मुलीने मान वर केली. "फक्त एकच चूक?"

"एकच. बस इथे."

तिघं पुढच्या रांगेत बसली. मुलीने पेन्सिल घेतली, कंस उघडला, वजा चिन्हाशी थबकली, आतलं चिन्ह खोडून नीट लिहिलं. कुठे फुलं उधळली नाहीत. तिने स्वतःच उत्तर पुन्हा तपासलं, मग दुसऱ्या गणिताकडे वळली.

वाचकहो, चमत्कार कपाळाला अंगारा लावून येतो तसा टाय लावूनही येतो. त्याला हाकलायला फार विद्वत्ता लागत नाही. मोजलं कुणी, कशाने मोजलं, आणि मोजणाऱ्याचा त्यात फायदा काय, एवढं टाळी वाजवण्याआधी विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत हात खाली ठेवायचे.