लाड पॉवरच्या बटणाचे

मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे, आणि माझं पॉवरच्या बटणाशी अजिबात पटत नाही. सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. उगाच मनात कुढत बसायचं आणि वरून गोड बोलायचं, हे मला जमत नाही.

मी कीबोर्डच्या वरच्या रांगेत, उजव्या कोपऱ्यात असतं. माझ्या डोक्यावर दोन नावं आहेत. वर मोठ्या अक्षरांत ‘प्रिंट स्क्रीन’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सिसआरक्यू’. पहिल्या नावाचं काम म्हणजे पडद्याचा फोटो काढणं. दुसऱ्या नावाचा अर्थ, सिस्टमला केलेली विनंती. ते दुसरं नाव वाचायला चष्मा लागतो, आणि ज्यांच्याकडे चष्मा आहे त्यांना गरज वाटत नाही. कारखान्यात आम्ही सगळी बटणं एकाच प्लास्टिकची बनलो. पण एंटरला दुप्पट अंग मिळालं, स्पेसला ऐसपैस पलंग मिळाला आणि मला मिळाला कोपरा. हेही मी सोसलं असतं. पण पॉवरचं बटण? ते तर कीबोर्डवरही राहत नाही! खाली जमिनीवर कॉम्प्युटरच्या डब्यात स्वतंत्र बंगला, भोवती निळा दिवा.

आमचं दुकान जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं. तिघी मिळून चालवायच्या. गल्ल्यावर सासूबाई. यंत्रांपाशी त्यांची लेक, तिला सगळे ताई म्हणत. आणि कॉम्प्युटरवर सून, म्हणजे वहिनी. कॉम्प्युटर म्हातारा होता, म्हणून वहिनींनी त्यात लिनक्स नावाची हलकी, फुकट मिळणारी सिस्टम घातली होती. तो पुन्हा तरुणासारखा चालायला लागला, फक्त कधीतरी मध्येच हँग व्हायचा. बाण जागच्या जागी गोठायचा, घड्याळ थांबायचं.

अशा वेळी ताईंचा उपाय ठरलेला. वाकायचं आणि पॉवरचं बटण दाबून धरायचं. डबा धाडकन बंद, मग पुन्हा चालू.

“बघ, एका बोटाचं काम!” ताई म्हणायच्या आणि त्याच्यावरची धूळ पुसायच्या. “गुणाचं आहे गं माझं.”

गुणाचं! एकदा या गुणी बाळानं कुणाच्या तरी बारशाचं अर्धं रेकॉर्डिंग गिळलं. बाळाचं नाव काय ठेवलं तिथपर्यंत आवाज होता, पुढे शांतता. तरी शिव्या कुणाला? कॉम्प्युटरला. याला पुन्हा फडकं.

आणि माझं नशीब बघा. एके दिवशी सासूबाई चष्म्याचं घर माझ्यावर ठेवून फोनवर बोलत बसल्या. दाबलं गेल्यावर फोटो काढणं हे माझं काम. मी इमानदारीनं काढत राहिलं. सासूबाईंचं बोलणं संपेपर्यंत कॉम्प्युटर त्याच एका पडद्याच्या फोटोंनी गच्च भरला. ताई भडकल्या. “हे बटण नुसतं उपद्व्यापी आहे,” म्हणून त्यांनी माझ्यावर काळी चिकटपट्टी लावली. चष्म्याच्या घराला कुणी एक शब्द बोललं नाही. पट्टीखालच्या अंधारात मला खालच्या निळ्या दिव्याची फुशारकी तेवढी जाणवायची.

मग एका दुपारी एक आजी आल्या. रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट त्यांनी गल्ल्यावर ठेवली.

“गाणी आहेत का?” सासूबाईंनी विचारलं.

“घोरणं आहे,” आजी म्हणाल्या. “आमच्या ह्यांचं. कबूलच करायचे नाहीत हो! म्हणून पुराव्यासाठी गुपचूप टेप केलं होतं. ऐकवलं तर म्हणाले, हा आवाज शेजाऱ्यांचा आहे.”

ताई खो खो हसल्या. आजीही हसल्या, मग थांबल्या. “ते गेल्यापासून झोप नाही मला. घरात एवढी शांतता आहे की डोळाच लागत नाही. फोनवर घालून द्याल का? उशाशी ठेवीन.”

सासूबाईंनी रुमाल सोडून कॅसेट ताईंच्या हातात दिली.

कॅसेट लावली. काय घोरणं होतं, मित्रांनो! आधी रंधा मारल्यासारखं, मग शिट्टी, मग इतका वेळ शांतता की सासूबाईंनी काळजीनं मान वर केली, आणि मग पुन्हा धडधडाट. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटापर्यंत सगळं नीट उतरलं. वहिनींनी सेव्ह केलं. पडद्यावर छोटं चाक फिरायला लागलं, आणि त्याच क्षणी प्लेअरनं कॅसेट खाल्ली. टेपची चोथा झालेली रिबन बाहेर आली. ताईंनी दोन्ही हात घालून ओढली तर तिचे तुकडे झाले.

“असू दे,” वहिनी म्हणाल्या, “कॉम्प्युटरवर आलंय.”

पण पडद्यावरचं चाक थांबलं होतं. बाण हलेना. घोरणं कॉम्प्युटरच्या डोक्यात होतं, डिस्कवर अजून पुरतं लिहिलंच गेलं नव्हतं, आणि जगात दुसरी प्रत उरली नव्हती.

“थांब, मी बंद करून चालू करते!” ताई म्हणाल्या. हात रिबनीत अडकलेले, म्हणून त्यांनी खुर्चीतूनच पाय लांबवला आणि पायाचा अंगठा पॉवरच्या बटणाकडे नेला. बटण लाजून आणखी निळं झालं. त्याचा प्रियकर एक अंगठा! आणि तरीही, खरं सांगायचं तर, मला तोसुद्धा हवासा वाटला.

“ताई, पाय मागे घे!” वहिनी ओरडल्या. त्यांना याआधी कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. अंगठा हवेतच राहिला. “नुसतं बंद केलंस तर डोक्यातलं सगळं जाईल. दुसरा मार्ग आहे. मी तो आधीपासून चालू करून ठेवलाय.”

त्यांनी माझ्यावरची पट्टी टरकन ओढली. उजेड! पण डिंकामुळे मी इतकं रुतलं होतं की एका अंगठ्यानं जोर लावून मला दाबावं लागलं, आणि दुसऱ्या हातानं ऑल्ट. दोन्ही हात गुंतले.

“आई, तुम्ही या. मी सांगते ती अक्षरं दाबा. एकेक करून, मध्ये थोडं थांबून.”

“कोणती अक्षरं?”

वहिनींचा चेहरा पडला. अक्षरं त्यांना अशी आठवतच नव्हती. जुन्या नोकरीतल्या मैत्रिणीनं त्यांना एक वाक्य पाठ करून दिलं होतं, त्यातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं इंग्रजी अक्षर घ्यायचं. ते वाक्य त्यांनी या दुकानात कधी उच्चारलं नव्हतं.

“बोल ना गं पटकन!” ताई म्हणाल्या. आजी रुमाल पिळत उभ्या होत्या.

वहिनींनी डोळे मिटले. “रागावलेली... आर दाबा, आई.”

सासूबाईंनी दाबलं. कीबोर्ड गोठलेल्या पडद्याच्या तावडीतून सुटला.

“एक... ई.” सगळ्या प्रोग्रॅमना निरोप गेला, आपापलं आवरा. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमनं मुकाट्यानं आवरलं.

“इरसाल... आय.” जे ऐकत नव्हते त्यांना हाकललं.

“सासू,” वहिनी पुटपुटल्या.

“काय?”

“सासू, आई! एस दाबा!”

सासूबाईंनी सुनेकडे एकदा रोखून बघितलं आणि दाबलं. डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकला. डोक्यात होतं तेवढं सगळं डिस्कवर उतरत होतं. लुकलुक थांबेपर्यंत वहिनी त्या दिव्याकडे टक लावून बघत होत्या.

“उगाच... यू.” डिस्कला कुलूप लागलं, आता तिथे कुणी काही बिघडवू शकत नव्हतं.

“आणि?”

“बडबडते,” वहिनी रडवेल्या होऊन म्हणाल्या. “बी.”

सासूबाईंनी बी असं दाबलं की बाकीचा कीबोर्डही हादरला. कॉम्प्युटर शहाण्यासारखा पुन्हा सुरू झाला. वहिनींनी फाइल उघडली. रंधा, शिट्टी, शांतता, धडधडाट. सगळं होतं.

“कोण गं ती सासू?” सासूबाईंनी विचारलं.

“अशीच, आई... कुणाची तरी.”

“हं. कुणाची का असेना, कामाला आली ना?” त्या म्हणाल्या आणि लगेच आजींकडे वळल्या. “माझ्या या बोटानं चालू केला बरं का!”

पण आजी ऐकत नव्हत्या. दुकानातल्या लाकडी खुर्चीत, मान एका खांद्यावर टाकून, त्या गाढ झोपल्या होत्या. ताईंनी आवाज कमी करायला हात नेला, तसा सासूबाईंनी तो धरला. संध्याकाळपर्यंत दुकानात घोरणं वाजत राहिलं. जी गिऱ्हाइकं आली, त्यांना सासूबाई खुणेनं उद्या या म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून कौतुक कुणाचं? सासूबाईंच्या बोटाचं. त्यानंतर बीचं, कारण शेवटी त्याला दाबलं होतं! ते शेजारच्या व्हीला सांगत होतं, “मीच तो कॉम्प्युटर उठवला.” शेवटपर्यंत खाली दबून राहिलं कोण? मी. ऑल्टलासुद्धा विचारा. ऑल्ट साक्षीला येईल, ते बिचारं माझ्यासारखंच आहे.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमचा कॉम्प्युटर गोठला तर धावत जाऊन त्याचा गळा आवळू नका. आत कुणाचं काय लिहायचं राहिलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. आधी थोडं थांबा, मग विनंती करा, एकेक अक्षर, सावकाश. जोर काय, नंतरही करता येतो. आणि काम झालं की एकदा माझं नाव घ्या, ते खालचं, बारीक अक्षरांतलं. जरा मोठ्यानं घ्या. त्या निळ्या दिव्याला ऐकू जायला हवं.