मेथीच्या वासाचा देव

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या, मग खुशाल हसा! मी एक जुना मुखवटा आहे. ससाण्याचा. माझी चोच जराशी डावीकडे कललेली आहे. एका गालावर निळा रंग आहे, दुसऱ्यावर नुसते डाग. पण एका दुपारी मी देव झालो होतो बरं का! गाव माझ्या पाया पडायला रांगेत उभं होतं. अर्धा तासही नसेल तो, पण काय अर्धा तास होता!

मुखवटा होण्याआधी मी कागद होतो. सेनगावच्या वाटेवरच्या एका खेड्यात, शाळेच्या सहावीच्या वर्गात, कपाटातला जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. आमचा हिंगोली जिल्हा त्याच वर्षी परभणीपासून वेगळा झाला होता आणि मुलं वहीवर नव्या जिल्ह्याचं नाव मोठ्या हौसेनं घालत होती.

इतिहास शिकवायला प्रेमसिंग गुरुजी होते. शिकवण्याच्या भरात त्यांचे खडू मोडत. त्या दिवशी तर तीन मोडले! विषय होता प्राचीन इजिप्त.

"नाईल नदीच्या काठची शेतकरी माणसं ती," गुरुजी म्हणाले. "अन् त्यांचे देव कसे? कुणाचं डोकं ससाण्याचं, कुणाचं मांजरीचं, कुणाचं कोल्ह्याचं!"

वर्ग टुण्णकन जागा झाला.

"कोल्ह्याचा देव?" मुन्ना ओरडला. "गुरुजी, कोल्हं तर आमच्या शेतात रोज कोकलतंय!"

"तिथंबी कोकलायचं. मसणवटीत फिरायचं. म्हणून त्यांनी त्यालाच मेलेल्यांचा राखणदार केला. अनुबिस त्याचं नाव. अन् घरातली मांजर मेली, तर घरचे सगळे भुवया काढून टाकायचे म्हणे."

"बायाबी?"

"बायाबी!"

प्रतिक्षाच्या घरी चार मांजरी होत्या. तिनं दोन्ही हातांनी भुवया झाकल्या.

"एपिस नावाचा एक बैल असायचा. अंगावरच्या खुणा पाहून त्याला हुडकायचे, देवळात ठेवायचे, पुजायचे. त्याच्या मानेवर कधी जू न्हाई."

"म्हंजी त्याला रोजच पोळा!" मुन्ना म्हणाला, आणि गुरुजींनाही हसू आवरेना.

मग त्यांनी फळ्यावर ससाणा काढला. "हा होरस. आभाळाचा देव. ह्याचा एक डोळा सूर्य, एक डोळा चंद्र. आणि इजिप्तचा राजा, त्याला फॅरो म्हणत, तो म्हंजे माणसांत आलेला होरसच! एक राजा मेला, की गादीवर बसणारा नवा होरस."

कपाटात पडल्या पडल्या माझी पानं फडफडली, मित्रांनो! वारा नव्हता हो, शपथ!

स्नेहसंमेलनात ह्याचंच नाटक करायचं ठरलं. होरस गादीवर बसतो, एवढीच गोष्ट. राजाची भाषणं ज्याला पाठ, तो राजा. ती फक्त करुणालाच पाठ होती.

"पोरगी कुठं राजा असती व्हय?" मुन्नानं तोंड वेंगाडलं.

"असती की," गुरुजी म्हणाले. "हॅटशेपसूट नावाची बाई इजिप्तची राजा झाली होती. खोटी दाढी लावून गादीवर बसायची."

"मंग मला दाढी पायजे," करुणा लगेच म्हणाली. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. विहिरीवर, पाटीदप्तर आवरताना, भाकरी खाताना राजाची भाषणं. मुन्ना कोल्हा झाला. त्याचं कोल्ह्याचं तोंड पुठ्ठ्याचं होतं. राजाचं तोंड मात्र खरंखुरं दिसायला हवं होतं.

ते काम आलं लक्ष्मीबाईकडे, करुणाच्या आईकडे. टोपल्या लिंपण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तुम्ही पाहिलंय का ते काम? जुने कागद तीन दिवस पाण्यात भिजवायचे, भिजलेल्या मेथ्या वाटून त्यात घालायच्या, उखळात कुटून लोण्यासारखा लगदा करायचा आणि टोपलीला आतून-बाहेरून लिंपायचा. दाणाही गळत नाही, कीडही फिरकत नाही. तसंच तिनं मला कुटलं! कुणाचे दहापैकी चार, कुणाचे दहापैकी नऊ, सगळे गुण एकजीव झाले. मग पालथ्या घागरीवर थर चढवून मला उन्हात ठेवलं. चोचीत एरंडाची काडी घातली, आणि ससाण्याला नसतात तरी हौसेनं दोन कानही लावले. रंग घरचेच. हळद, चुना, नीळ. डोळ्याखालून गालावर उतरणारी होरसची काळी रेघ काढली काजळानं. वास मात्र मेथीचा तो मेथीचाच.

जळबाआजोबा, लक्ष्मीबाईचे सासरे, ओसरीवर बसून सगळं बघत होते. हे घर बुद्धवंदना करणारं. ते म्हणाले, "काहून गं, आपल्या घरात देव करून राहिली?"

"मामा, नाटकातलं सोंग हाय ते."

"सोंग तर सोंग. पन राजाच देव म्हनल्यावर त्याला 'तुजं चुकलं' म्हननार कोन?"

करुणानं दुसऱ्या दिवशी हे गुरुजींना बरोबर तसंच विचारलं. गुरुजी म्हणाले, "आजोबांना सांग, सवाल पक्का हाय. पण इजिप्तच्या राजाला एक काम नेमून दिलेलं असायचं, सत्य सांभाळायचं. ते नाही सांभाळलं तर देव कशाचा?"

आणि आली ती जानेवारीतली दुपार! शाळेपुढं मांडव, सतरंजीवर बायामाणसं, झाडावर पोरं. निघताना लक्ष्मीबाईनं करुणाची वेणी आत खोचली आणि हळूच म्हणाली, "म्होरंच आशाबाई बसत्यात. त्यांच्याच रानात आपल्याला हरभरा काढायचा हाय. काही वाकडं करू नको, माय."

करुणानं मला डोक्यावर चढवलं. माझ्या डोळ्यांच्या भोकांतून तिचे डोळे, माझ्या चोचीखालून तिचा श्वास. हलगी कडाडली आणि आम्ही दोघं मंचावर गेलो.

सगळ्यांच्या माना उंचावल्या. मग कुणीतरी म्हणालं, "गरुड!" दुसरं म्हणालं, "विष्णूचा गरुड आला गं बाई!" आता होरस कुठला, कुणाला ठाऊक! आशाबाई उठल्या. घरून येताना त्यांनी सरस्वतीच्या फोटोसाठी ताट आणलं होतं. तेच घेऊन त्या मंचावर चढल्या, कुंकू लावलं आणि वाकून करुणाच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांच्यामागे दुसरी बाई, तिच्यामागे तिसरी. रांगच लागली!

"अन् माझ्या?" कोल्ह्याच्या तोंडातून मुन्ना ओरडला. "माझ्याबी पाया पडा की!"

"कोल्ह्याच्या कोन पाया पडतं रं? सरक तिकडं!"

मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी, आणि आता फॅरो! पण आशाबाई हलेनात. हात जोडून म्हणाल्या, "देवा, माझी ढवळी चार दिस झाले चारा खाईना. गाय न्हाई, लेक हाय ती माझी. वाचंल का, एवढं सांग."

आता आत करुणा काय सांगणार? 'वाचेल' म्हटलं असतं तर सगळेच खूश झाले असते. पण तिला ते माहीत नव्हतं, आणि खोटं सांगायचं नव्हतं. देव बोलत नाही म्हटल्यावर आशाबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला. औंढ्याला जाऊन पिंडीवर पाणी घालणारा हात तो. तोच हात माझ्यावर आला आणि तांब्या रिकामा झाला.

मित्रांनो, देव दगडाचा असतो, मी कागदाचा होतो!

नीळ सुटली. हळद ओघळली. काजळाची रेघ काळं पाणी होऊन गालावरून वाहू लागली.

"देव रडून राहिला!" बायका किंचाळल्या. तेवढ्यात माझी चोच मऊ पडली, लोंबली आणि टपकन आशाबाईंच्या ताटात पडली.

"अपशकुन! ढवळी जाती आता!"

आशाबाई मटकन खाली बसल्या.  प्रेमसिंग गुरुजी पडद्यामागून धावत निघाले. खाली लक्ष्मीबाई पदर तोंडात धरून उभी. आणि माझ्या आत करुणा, दोन्ही हातांनी माझ्या ओल्या कडा धरून. मला कळत होतं तिला काय कोडं पडलंय ते. मुखवटा काढला, तर ज्यांच्या रानात आई राबते त्या बाई मजुराच्या पोरीच्या पाया पडल्या, हे भर गावात उघडं पडणार. नाही काढला, तर ह्या बाई गाय मेलीच असं धरून घरी जाणार.

तिनं मला काढलं.

"आजी, म्या करुणा हाय. लक्ष्मीबाईची." तिचा चेहरा निळा-पिवळा झाला होता. "देव रडला न्हाई. काजळ हाय ते, पान्यानं सुटलं. अन् चोच कागदाची व्हती. ढवळीला काय बी झालं न्हाई अजून. पन म्या काय सांगनार? सेनगावच्या ढोराच्या डाक्टरला बोलवा, आजी. आजच बोलवा."

 आशाबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. कुंकू अजून ओलं होतं. मग लक्ष्मीबाईकडे पाहिलं.

"म्हंजी म्या लेकराच्या पाया पडले व्हय?"

"व्हय, आजी."

आशाबाईंनी पदरानं करुणाच्या तोंडावरची नीळ पुसली. जरा जोरातच पुसली. "पडले तर पडले. कोनाचं काय गेलं?" मग मांडवाकडे वळून गरजल्या, "काय बघून राहिले? नाटक पुरं करा! मला डाक्टरकडं मानूस धाडायचाय, लवकर आटपा!"

असं हसू फुटलं म्हणून सांगू! आणि सगळ्यांत आधी कोण ओरडावं? मुन्ना! कोल्ह्याचं तोंड काढून तो म्हणाला, "राजा, बस की गादीवर! दाढी हाय ना अजून!" तागाच्या दाढीची, नीळ लागलेल्या कानांची करुणा गादीवर बसली. मी तिच्या मांडीवर ओला, बिनचोचीचा. राजाची सगळी भाषणं तिनं न अडखळता म्हटली.

डॉक्टर त्याच संध्याकाळी आले. चौथ्या दिवशी ढवळीनं कडबा खाल्ला. हरभरा काढायला लक्ष्मीबाईलाच बोलावणं आलं, आणि आशाबाई बांधावरून ओरडल्या, "तुज्या राजाला बी आन गं, हरभरा भाजून हावळा खायला!"

लक्ष्मीबाईनं नवा लगदा करून माझी चोच बसवली. घाईत ती वाकडी बसली. पुढं काही वर्षं सहावीची मुलं धडा आला की मला काढत, डोक्यावर घालून ओरडत. मग कुणी काढेना. कपाटावर माझ्या अंगावर धुळीचा थर आला, उंदरानं एक कान खाल्ला. दोन हजार सात साली शाळा नव्या खोल्यांत गेली, तेव्हा मला कचऱ्यात टाकायला काढलं होतं. लक्ष्मीबाई आली, मला उचललं, कोरड्या फडक्यानं पुसलं, लिंबाच्या पाल्याची धुरी दिली आणि घरात आणलं. जळबाआजोबांनी स्वतः माझ्यासाठी खुंटी ठोकली. म्हणाले, "राहू दे. ह्यो देव बरा, आपन कागद हाय हे कबूल केलं ह्यानं."

मित्रांनो, तेव्हापासून एवढंच मागतो. कुणालाही डोक्यावर घेण्याआधी तो कशाचा बनलाय ते विचारा. मग तो बैल असो, मांजर असो, नाहीतर बारा वर्षांची पोरगी. देव म्हटलं की माणसं पाणी ओतत सुटतात. आपलं म्हटलं की आधी कोरडं फडकं शोधतात.

आणि मला घालून बघायचं असेल तर या की! चोच सांभाळा, कान एकच आहे. फक्त डोक्यावरून अंघोळ करून लगेच येऊ नका!