अठ्ठ्याऐंशीचं इंजिन

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत अरविंद सामंत एक जुना ट्रक घेऊन कळंबोलीला बाबासो शिंगट्यांच्या गॅरेजवर आला. अरविंद न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कामाला होता. रोज डोळ्यांसमोरून शेकडो गाड्या जायच्या. आपलीही एक असावी, हे त्याच्या डोक्यात दोन वर्षं घोळत होतं. हा ट्रक उलव्याच्या धर्मा घरतचा. कागदावर ब्याण्णव सालचा.

"बॉडी रंगवलीय, ते मलापण दिसतं," अरविंद म्हणाला. "इंजिनाचं खरं साल काय, तेवढं सांगा. घरत बोलतो ब्याण्णव. मला डाऊट आहे."

बाबासोने मान हलवली. तो मूळचा खटाव तालुक्यातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. वीस वर्षं त्याने इंजिनंच उघडली आणि बंद केली होती.

त्याने आधी इंजिनावरचा नंबर पाहिला. रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर आकड्यांखाली कानशीचे बारीक ओरखडे दिसले. आकडे एका रेषेतही नव्हते.

"कंपनीत एका दमात ठोकत्यात," तो म्हणाला. "ह्यो एकेक आकडा हातानं टोचलाय."

"म्हणजे चोरीचं?"

"म्हंजी नंबर नवा. इंजिन कुठल्या सालचं, ते बगायचंय अजून."

त्याने स्टार्टर सोडवला. त्याच्या मागे, जिथे कुणी सहसा बघत नाही, तिथे ओतकामाचं साल असतं. लोखंड साच्यात ओततानाच ते अंगावर उठतं: दोन आकडे, आणि महिन्याचे ठिपके. तिथे बोटभर चिकट काळा थर होता. तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला, वर तारेचा ब्रश मारला आणि बॅटरीचा उजेड धरला.

आठ आणि आठ. बाजूला चार ठिपके.

"अठ्ठ्याऐंशी," बाबासो म्हणाला. "एप्रिल."

"बघा! मी बोललो ना तुम्हाला!" अरविंदला आनंदच झाला. "चार वर्षं लपवतोय तो माझ्यापासून."

त्या महिन्यात असे शेकडो ब्लॉक ओतले गेले असणार, हे बाबासोला माहीत होतं. त्याने समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. चहा पिऊन झाल्यावर स्टार्टर परत बसवला, इंजिन चालू केलं, बेअरिंगचा आवाज ऐकला, ऑइलचं प्रेशर पाहिलं, धूर पाहिला. ज्या क्रमाने तो नेहमी बघायचा त्याच क्रमाने सगळं पाहिलं. मग इंजिन बंद करून ते निवायची वाट बघत बसला.

"अजून काय राहिलं?" अरविंदने विचारलं.

"एक जागा राहिलीय."

बाबासोला एक थोरला भाऊ होता, हौसेराव. अठ्ठ्याऐंशी साली त्याने स्वतःचा पहिला ट्रक घेतला, कोरा करकरीत. पुढच्याच उन्हाळ्यात घाटात पाणी संपलं, आणि तापलेल्या इंजिनात हौसेरावने घाईघाईने गार पाणी ओतलं. ब्लॉकला वीतभर तडा गेला. तो तडा बाबासोने स्वतः शिवला होता. एकाला लागून एक भोकं पाडायची, आटे पाडायचे, पितळेचे स्क्रू पिळायचे आणि वरून ठोकून सपाट करायचं. त्याच्याकडे बारा स्क्रू होते, एक गटारात पडला, म्हणून अकरांवर भागवलं. सातव्याला ड्रिल सरकलं आणि तो तिरका बसला. हौसेराव शेजारी उकिडवा बसून बघत होता. "सातव्याला पाजलीस का रं?" असं म्हणून तो हसला होता.

नव्वद साली, दसरा झाल्यावर दोन दिवसांनी, हौसेराव न्हावा शेव्याहून माल भरून इंदूरला निघाला. तो पोचला नाही. ट्रकही सापडला नाही.

बाबासो गाडीखाली शिरला. ऑइल फिल्टरच्या मागे रंगाचा जाड थर होता. त्याने पातळ छिन्नी लावली तसा रंग पापुद्र्यासारखा निघून आला. खाली पिवळं दिसलं. तो मोजत गेला. अकरा होते. सातवा तिरका होता.

त्याला काहीच वाटलं नाही. तो पडल्या पडल्या वाट बघत राहिला, की आता काहीतरी वाटेल. डिझेलचा वास येत होता. डोक्याखालच्या पोत्यावर खताच्या कंपनीचं नाव होतं, ते त्याने दोनदा वाचलं. मग बाहेर येऊन धुण्याच्या पावडरने कोपरापर्यंत हात धुतले.

"ही गाडी घेऊ नका," तो म्हणाला.

"एवढं खराब आहे?"

"इंजिन चांगलं हाय. माझ्या भावाच्या गाडीचं हाय ते."

"अहो, मग चांगलंच की! त्यांनी विकली होती का?"

"न्हाई. तो गाडीसकट गेला. नव्वद साली."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हंजी परत आला न्हाई."

अरविंदच्या हातात गाडीचे कागद होते. ते त्याने उगाचच घडी करून खिशात घातले, परत काढले. "मी येतो तुमच्याबरोबर पोलीस स्टेशनला," तो म्हणाला. "आत्ता जाऊ."

"आत्ता नगं. आदी वैनीला सांगतो."

हौसेरावची बायको वेणूबाई कोपरखैरण्याला माथाडींच्या खोल्यांत राहायची. वाशीच्या दाणा बाजारात ती धान्य चाळायच्या कामाला होती. मुलगी सुनयना दहावीला बसणार होती. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सात वर्षं पुरी झाली की कोर्टातून मेल्याचा कागद काढता येतो, असं वेणूबाईला शेजारच्या सत्यभामाने सांगितलं होतं. त्यावर वेणूबाई तिच्याशी महिनाभर बोलली नव्हती.

बाबासो गेला तेव्हा ती नुकतीच कामावरून आली होती. भुवयांवर अजून पिठूळ धूळ होती.

"वैनी, दादाच्या गाडीचं इंजिन घावलं."

ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो तिने त्याच्या हातात दिला. तो पाणी पिईपर्यंत थांबली.

"आनि गाडी?"

"गाडी न्हाई. नुसतं इंजिन. दुसऱ्याच गाडीला बसवलंय."

"त्यांचंच हाय कशावरनं? चुकला असाल."

"साल जमतंय. आनि मी घातल्यालं टाकं हाईत त्यावर. ते दुसऱ्या कुनाचं न्हाईत."

सुनयनाने वहीतून डोकं वर काढलं होतं.

"चालू हाय?" वेणूबाईने विचारलं.

"चालू हाय."

"मला दावा."

दुसऱ्या दिवशी ती कामाचा खाडा करून कळंबोलीला आली. बाबासोने बॉनेट उघडून दिलं. तिने पदराने हात पुसला आणि इंजिनाच्या झाकणावर ठेवला. त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, सगळी गाडी थरथरायला लागली. तिने हात काढला नाही.

"असाच आवाज हुता का हो भावजी?"

"असाच."

"मला आवाज ठावं न्हाई," ती म्हणाली. "मला हॉर्न तेवढा ठावं हुता."

थोड्या वेळाने झाकण तापलं तेव्हा बाबासोनेच तिचा हात बाजूला केला.

पोलिसांनी धर्मा घरतला बोलावलं. तो घाबरून गेला होता. चौऱ्याण्णव साली धुळ्याच्या पुढे त्याचं इंजिन जाम झालं होतं, तेव्हा हायवेवरच्या एका भंगारवाल्याकडून त्याने हे बसवून घेतलं होतं. आरटीओची कटकट नको म्हणून त्या भंगारवाल्यानेच जुना नंबर तासून घरतचा नंबर त्यावर टोचून दिला होता.

"मना काय ठावं, बाबा, ते कुनाचं हाय?" घरत बाबासोसमोर हात जोडून म्हणाला. "माज्या पोरांची आन."

"तुमी काय बी केलं न्हाई," बाबासो म्हणाला. त्याला घरतचा रागही येत नव्हता.

तासलेल्या जागेवर तेजाब लावून प्रयोगशाळेत जुन्या नंबराचे पाच आकडे उठले. हौसेरावच्या आर.सी. बुकातल्या आकड्यांशी ते पाचही जुळले. इंजिन उतरवून घेतलं गेलं. अरविंद प्रत्येक खेपेला ऑफिसातून अर्धी रजा काढून यायचा आणि बाकावर बाबासोशेजारी बसायचा.

भंगारवाला दोन वर्षांपूर्वीच मेला होता, दुकान मोडलं होतं. पण त्या भागातल्या पोलीस ठाण्याने नव्वद सालची बेवारस प्रेतांची नोंदवही काढली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वेणूबाईला आणि बाबासोला तिकडे बोलावणं आलं.

हवालदार वयस्कर होता. त्याने दोघांना बसायला खुर्च्या दिल्या आणि फाइल उघडायच्या आधी विचारलं, "बाई, बघू शकाल ना?"

"दावा," वेणूबाई म्हणाली.

फोटो काळा-पांढरा होता. रस्त्याकडेच्या नाल्यात पडलेला माणूस, मान एका बाजूला. चेहरा ओळखू येत होता. बाबासोने पाहिला आणि मान डोलवली. आपली मान हलतेय हे त्याला दुसऱ्या कुणाचं काहीतरी बघावं तसं दिसलं.

वेणूबाईने फोटो हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला.

"दाढी वाढली हुती," ती म्हणाली. "निगताना म्हनलं हुतं, करून जावा."

पंचनाम्यात लिहिलं होतं की डोक्याला मार आहे, ओळख पटवणारं काही नाही, तीन दिवस वाट पाहून अंत्यविधी केला. वरती तारीख होती. हवालदाराने ती वाचून दाखवली. चार ऑक्टोबर एकोणीसशे नव्वद.

"म्हंजी दसऱ्याच्याच आठवड्यात," वेणूबाई म्हणाली.

"हां."

"दिवाळी यायची हुती अजून."

"हां, बाई."

"मी करंज्या केल्या हुत्या त्या साली. डब्यात घालून..." तिने फोटो टेबलावर उलटा ठेवला, मग परत सुलटा केला. कपाळाला हात लावला, पण कुंकू पुसलं नाही. ते तिने घरी जाऊन, सुनयनाला जवळ बसवून, पुसलं.

मारणारे कोण, ते कळलं नाही. त्या वर्षी त्या रस्त्यावर अशा तीन गाड्या गेल्या होत्या, एवढंच हवालदार सांगू शकला.

दिवस गावी केले. देह नव्हता, म्हणून दर्भाचा करून त्याला अग्नी दिला. हौसेरावला मुलगा नव्हता. बाबासोच पुढे झाला. गावातल्या बायका वेणूबाईला धरून रडत होत्या. अरविंद सामंत पांढरा शर्ट घालून नेरूळहून इतक्या लांब एस.टी.ने आला होता आणि कुणीच ओळखीचं नसल्यामुळे बाभळीखाली एकटा उभा होता. बाबासोला सगळं दिसत होतं. कोण आलं, कोण नाही आलं, भटजींची पिशवी कुठे ठेवलीय, हे सगळं. दोन महिने त्याला असंच सगळं नीट दिसत होतं.

दहाव्याला नदीवर न्हाव्याने त्याला दगडावर बसवलं आणि डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. सकाळची वेळ होती. पाणी मानेवरून पाठीत उतरलं.

"गार हाय रं," बाबासो म्हणाला.

"व्हय, नदीचंच हाय," न्हावी म्हणाला आणि वस्तरा परजू लागला.

"लई गार हाय," बाबासो पुन्हा म्हणाला. त्याचे दात वाजायला लागले. त्याने दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले, तरी अंग थरथरायचं थांबेना. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. काठावरून सुनयना टॉवेल घेऊन धावत पाण्यात आली, आणि तिने तो त्याच्या खांद्यांवर टाकून तसाच धरून ठेवला.

"काका," ती म्हणाली, "थांबा जरा. मग करू."